कलत्या देवळाशेजारी एक सरळ रेघ

काशीला लोक पुण्य मिळवायला जातात, मी एक रेघ मारायला गेले होते. ही रेघ नावेच्या अंगावर मारायची असते. माणसं चढली की नाव पाण्यात दबते, आणि पाणी रेघेला टेकलं की आणखी कुणी चढायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. समुद्रावरच्या प्रत्येक जहाजाला ती असते. जहाज धड आहे की नाही हे तपासून दाखला देणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला होते आणि माझं अर्धं आयुष्य अशा रेघा तपासण्यात गेलं. घरातलं कॅलेंडर जरा तिरकं टांगलेलं असलं तरी मला घास गिळवत नाही, हे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

त्या वर्षांत आमच्या धंद्यात एकीचं वारं सुटलं होतं. जहाज बांधणारे, जहाज चालवणारे आणि दाखला देणारे अशा तिघांनी एकत्र बसायचं आणि मापं एकदाच ठरवायची. नाहीतर बांधणारा एका जागेपासून मोजतो, मालक दुसऱ्या, आम्ही तिसऱ्या, आणि जहाज तेच असून त्याची उंची तीन निघते. मुंबईत अशा बैठका मी पुष्कळ केल्या. त्यांत एकमत व्हायचं ते चहा कधी घ्यायचा यावर.

गंगेवर तेव्हा इंजिनाच्या नावा नुकत्याच वाढू लागल्या होत्या. यंदा कार्तिकी पौर्णिमेला रेघ नसलेल्या नावेत माणसं बसवायची नाहीत असा हुकूम तिथे निघाला. रेघ कुठे मारायची ते मात्र हुकुमात नव्हतं. ते तिघांनी मिळून ठरवायचं होतं. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तिथला एक नाववाला मराठी आहे, तेव्हा तुम्हीच जा. बाकी सगळं शहर हिंदी बोलतं याचा त्यांनी विचार केला नसावा.

ब्रह्मा घाट

तो मराठी नाववाला म्हणजे बापू. त्यांचे थोरले भाऊ गजाननशास्त्री ब्रह्मा घाटावर वेद शिकवत. बापूंनी मात्र पौरोहित्य सोडून नावा घेतल्या होत्या. दोघे भाऊ एकाच घरात राहत आणि एकमेकांशी बरंचसं वहिनींच्या मार्फत बोलत. या वहिनींना सगळा घाट माई म्हणे. माझी उतरायची सोय त्यांच्याकडेच होती.

पहिल्या सकाळी माईंनी पोहे पुढे ठेवले. आमच्या रत्नागिरीकडे पोहे म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. हे पोहे हिरव्यागार मटारांत बुडालेले, वर साजूक तूप आणि गरम मसाला, आणि शेजारी मातीच्या कुल्हडात केशरी फेसासारखं काहीतरी. ते तोंडात घेतलं आणि लगेच नाहीसं झालं. त्याला मलइयो म्हणतात, दूध रात्रभर दवात ठेवून घुसळतात, असं माईंनी सांगितलं. ‘गिळू नका, ते आपणच जातं,’ म्हणाल्या. मी तीन कुल्हड संपवले तरी काही खाल्ल्यासारखं वाटेना, तेव्हा पोह्यांकडे वळले.

माईंचं मराठी जुन्या वळणाचं, मधूनच हिंदीला हात लावून परत येणारं. ‘परेशान होऊ नका, पंखा चालवून देते,’ असं त्या थंडीच्या दिवसांत म्हणाल्या, कारण पाहुण्याला पंखा लावायचा हे त्यांनी उन्हाळ्यात ठरवलेलं होतं आणि ऋतू बदलला म्हणून त्या ते मोडणार नव्हत्या.

पोहे खाता खाता त्यांच्याकडूनच मला खरी गोष्ट कळली. शास्त्रीबुवांचे वडील एका कार्तिकीला खचाखच भरलेली नाव उलटून गेले होते. तेव्हापासून या घरातलं कुणी नावेत बसत नसे. बापूंनी नावा घेतल्या त्या दिवशी शास्त्रीबुवा जेवले नव्हते. माई लग्न होऊन आल्या तेव्हापासून गंगेच्या काठावर राहत होत्या, रोज तिच्यात स्नान करत होत्या, पण पाण्यावरून घाट कसा दिसतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेच्या संध्याकाळी, सगळे घाट दिव्यांनी भरतात. ते बघायला शहर नदीत उतरतं, आणि माई घाटावर उभं राहून त्या बघणाऱ्यांना बघत.

यंदा बापूंनी त्यांना नव्या नावेतून न्यायचं कबूल केलं होतं. शास्त्रीबुवांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली. ‘बांधणारा, चालवणारा आणि ह्या मुंबईच्या ताई, तिघांचं एका रेघेवर एकमत झालं, तर जा,’ असं ते माझ्यासमोरच म्हणाले. आणि मग समाधानाने पुन्हा आपल्या पोथीकडे वळले. काशीत तिघांचं एकमत होणार नाही याची त्यांना खात्री होती, हे त्यांच्या मानेवरूनही दिसत होतं.

शिंदे घाट

नाव शिंदे घाटाला बांधलेली होती. तीस-एक माणसांची, लाकडी, नवा रंग दिलेली, शेपटाकडे डिझेलचं इंजिन. तिच्या अंगावर एक नाही, दोन रेघा आधीच मारलेल्या होत्या. वरची पांढरी बापूंची, खालची लाल लालजींची. लालजी म्हणजे नाव बांधणारे मिस्त्री, उंच, कमी बोलणारे, पान तोंडात असल्यामुळे आणखीच कमी. रेघ वर म्हणजे जास्त माणसं, हे बापूंना कळत होतं. नाव बुडाली तर लोक बांधणाऱ्याचं नाव घेतात, हे लालजींना कळत होतं. मी आल्याबरोबर तिथे तिसरी रेघ येणार याबद्दल दोघांची खात्री होती, आणि घाटावरच्या रिकामटेकड्यांनी तिचा रंग कोणता असावा यावर चर्चा सुरू केली होती.

मी आधी नाव सरळ तरंगते का ते पाहायचं ठरवलं. मधोमध बांबूचं तिकाटणं उभं केलं आणि त्याला ओळंबा सोडला. दोरी खुणेवर स्थिर झाली. नाव सरळ आहे, असं मी जाहीर केलं.

लालजी नावेतून उतरले, पायऱ्या चढले, एक डोळा मिटला, हात लांब करून मूठ धरली आणि म्हणाले, नाव कललेली आहे.

ते कशाकडे बघत होते ते मला जरा वेळाने समजलं. शिंदे घाटाच्या कडेला पाण्यात अर्धं उतरलेलं एक देऊळ आहे. पूर्ण देऊळ शिखरासकट मागे घाटाकडे कललेलं, आणि किती पिढ्यांपासून तसंच उभं. या घाटावर नावा बांधणारे नावेचा खांब या देवळाच्या कडेला लावून बघतात, आणि देवळाच्या कलण्यातून एक मूठ वजा करतात. उरतं ते सरळ. लालजींच्या वडिलांनी असंच केलं, त्यांच्या वडिलांनीही.

मी विचारलं, जवळपास एवढे सरळ वाडे असताना वाकडं देऊळच का?

‘बहिनजी, बाकी सब के बारे में झगड़ा हौ,’ लालजी म्हणाले. ‘ई टेढ़ हौ, एहमें केहू के शक ना हौ.’

बाकी सगळ्यांबद्दल वाद आहे, हे वाकडं आहे यात कुणालाच शंका नाही. मी जन्मभर बैठकांमध्ये मानक या शब्दाची व्याख्या ऐकत आले होते, त्यांतली एकही इतकी नेमकी नव्हती, आणि याचा मला फार राग आला. तेवढ्यात बापूंनीही आपली मूठ धरून पाहिलं. बापूंचा हात गुबगुबीत, लालजींचा हाडकुळा. बापूंच्या मुठीने नाव दुसऱ्याच बाजूला कललेली निघाली. मग दोघांनी मिळून माझ्याकडे मागणी केली की तुमचा ओळंबा मुंबईचा आहे, तो आधी देवळाशी ताडून घ्या.

मी भडकले. पृथ्वी मुंबईत आणि काशीत एकाच दिशेने ओढते, असं मी घाटावर चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं. एक साधू थांबून ऐकू लागला. ओळंब्याला देवळाची साक्ष लागत नाही हे पटवून द्यायला मी दोरीकडे बोट दाखवलं, तर ओळंबा माझ्याच पदराला टेकलेला. मी बोलत होते तेवढा वेळ आणि बहुधा त्याच्या आधीपासूनच तो माझ्या पदराच्या काठाला लागून स्थिर झाला होता. पदर बाजूला घेतला तर ओळंबा हलला आणि नाव तिसऱ्याच तऱ्हेने कललेली निघाली.

बापू हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. लालजी हसले. मग मलाही हसू आलं, आणि आम्ही तिघे पायरीवर बसून चहा प्यायलो. त्या चहावर आमचा पहिला नियम ठरला. तिघांनी आपापल्या पद्धतीने बघायचं, आणि ज्याला नाव सगळ्यांत जास्त कललेली दिसेल त्याचं खरं धरायचं. असा नियम मी मुंबईत मांडला असता तर मला रजेवर पाठवलं असतं.

वखारीचा काटा

आता नाव उलटायला किती जड आहे ते काढायचं होतं. त्याची रीत सोपी आहे. माहीत असलेलं वजन नावेत एका बाजूला ठेवायचं, मग दुसऱ्या बाजूला हलवायचं, आणि नाव किती झुकते ते ओळंब्यावर मोजायचं. गोदीत यासाठी लोखंडी वजनं असतात. इथे नव्हती. पलीकडच्या वाळूची पोती आणली तर ती गळत होती.

तेव्हा शास्त्रीबुवा मदतीला धावले, आणि ते मनापासून की आमचं काम बिघडावं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे ब्राह्मणभोजन होतं. पंचक्रोशीतले मराठी भिक्षुक येणार होते. जेवणाआधी ते नावेत बसतील, शास्त्रीबुवा म्हणाले, शांत बसायची त्यांना सवय आहे.

त्यांचं वजन तरी माहीत हवं. एवढा मोठा काटा जवळपास एकाच ठिकाणी होता. मणिकर्णिकेच्या लाकडाच्या वखारीत चितेची लाकडं तोलतात, त्याला माणूस उभा राहील एवढी पारडी. भिक्षुक मंडळी तिथे रांगेने गेली आणि एकेक जण पारड्यात बसला. वखारवाला भला माणूस होता, पण सवयीचा गुलाम. प्रत्येकाचं वजन पुकारून झालं की तो हळूच पुटपुटे, याला एवढी लाकडं लागतील. पहिल्या दोघांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसरे जरा स्थूल होते. त्यांना आधी तोललेल्या सख्ख्या भावापेक्षा जास्त लाकडं सांगितली गेली, आणि ते पारड्यातून उतरेनात. पुन्हा तोला म्हणाले. पुन्हा तोललं, तर लाकूड आणखी वाढलं.

नावेत ही मंडळी खरोखर शांत बसली. अडचण निघाली ती वेगळीच. नाव दोरावर जराशी फिरली की कुणाचं तरी तोंड दक्षिणेकडे होई, आणि दक्षिणेकडे तोंड करून बसायला कुणी तयार नव्हतं. नाव फिरे तशी वजनं आपोआप वळत. अशी वजनं मी कुठल्याही गोदीत पाहिली नव्हती. इतक्यात घरून निरोप आला की पानं वाढली आहेत, मंडळी उतरून जेवायला गेली, आणि पुरणपोळीनंतर परत येऊन बसली तेव्हा नाव आधीपेक्षा स्पष्टपणे खाली गेली होती.

घरी परतल्यावर यावरून खरा वाद पेटला. नावेतला ठरीव प्रवासी उपाशी धरायचा की जेवलेला? आमच्या संस्थेच्या पुस्तकात एक आकडा आहे, पण बापूंनी तो मोडीत काढला. पुस्तकातला माणूस जेवलेला आहे, कार्तिकीला सगळ्यांचा उपास असतो, म्हणून तो हलका धरा, असं त्यांचं म्हणणं. लालजी म्हणाले, माणूस, त्याचं घोंगडं, लोटा आणि वर लाडवांचा डबा. मी दोघांच्या मध्ये पुस्तक धरून उभी.

माई उष्टी पानं उचलत होत्या. त्या थांबल्या.

‘भाऊजी, उपासाला रांधते कोण?’ त्यांनी बापूंना विचारलं. ‘साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, वर रबडी. एरवी दोन पोळ्यांत उठणारा माणूस त्या दिवशी उठत नाही. उपासवालाच जड धरा.’

या घरातल्या प्रत्येकाच्या उपासाचं वजन माईंच्या हातातून गेलेलं होतं. आमच्या मानकात दुसरा नियम लिहिला गेला, तो असा की प्रवासी उपास केलेला धरावा. पुढे मुंबईत साहेबांनी या वाक्याखाली दोनदा रेघ मारली.

आमच्या पहिल्या नियमाने रेघ कुठे येणार हे आता उघड होतं. तिघांत ज्याची सर्वांत खाली, त्याची, म्हणजे लालजींची लाल. बापूंची पांढरी रेघ लालजींनी खरवडून काढली. बापू दुसरीकडे तोंड करून उभे होते. संध्याकाळी मी शास्त्रीबुवांना सांगितलं की तिघांचं एकमत झालं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माईंना म्हणाले, शाल घेऊन जा.

कार्तिकी

देवदिवाळीच्या संध्याकाळी ब्रह्मा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या, तेलाचा वास, घंटा, आणि नदीत इतक्या नावा की पाणी मधूनमधून दिसे. माई हिरवं लुगडं नेसून, शाल घेऊन, नावेच्या कडेच्या बाकावर बसल्या होत्या. हातात द्रोणातला दिवा. त्या कुणाशीच बोलत नव्हत्या. शास्त्रीबुवा सर्वांत खालच्या पायरीवर उभे होते. त्यांनी नावेला हात लावला नाही, पण इतक्या जवळ ते यापूर्वी आले नव्हते, असं बापूंनी माझ्या कानात सांगितलं.

लालजींचा भाऊ इंजिनापाशी बसला. आम्ही तिघे नावेतच होतो. मानक करणाऱ्यांनी पहिल्या फेरीत असावं, हे आम्हांला स्वाभाविकच वाटलं होतं. दोर सोडायच्या आधी मी वाकून बाहेर पाहिलं. रेघ दिसेना. पाणी तिच्या बोटभर वर आलं होतं.

बापूंनीही पाहिलं. ‘ताई, बोटभराने काय होतं, मतलब, पौर्णिमा आहे,’ ते म्हणाले. मी नावेत विचारलं, कोण उतरतं? सगळे दिव्यांकडे बघू लागले. एका आजोबांनी आपलं घोंगडं छातीशी घट्ट धरलं, जणू मी तेच मागत होते.

लालजी उठले आणि पायरीवर उतरले. रेघ अजून दिसेना. मग मी उतरले. पाण्याखाली लालसर काहीतरी थरथरलं, पण वर आलं नाही. आता सगळी नाव बापूंकडे बघत होती.

‘नाव माझी आहे,’ बापू म्हणाले.

‘भाऊजी, उतरा,’ माई म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजचाच होता, पण पाटावरून उठलेल्याला परत बसवणारा.

बापू उतरले. लाल रेघ ओली चमकत वर आली. दोर सुटला, नाव मागे सरली, वळली आणि भोसले घाटाकडे गर्दीत मिसळली. ‘नाव माझी आहे,’ बापू पुन्हा म्हणाले, पण आता ते कुणाला सांगत होते कळलं नाही. नाव बांधणारा, नाव चालवणारा आणि दाखला देणारी, आम्ही तिघे ओल्या पायांनी पायरीवर, आणि शेजारी शास्त्रीबुवा. ते काहीतरी म्हणत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला त्यांची भीती वाटली आणि स्वतःचीही. रेघ माझ्या सहीने होती.

नाव परत आली तोवर अर्ध्या पणत्या विझल्या होत्या. माई उतरल्या. अंबाडा सुटलेला, शाल खांद्यावरून ओघळलेली, चेहरा असा की शास्त्रीबुवांनी स्वतः हात पुढे केला. त्या भडाभडा बोलत होत्या. आपलं घर पाण्यावरून केवढंसं दिसतं. भोसले घाटाचा वाडा केवढा उंच. आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, ‘ताई, ते शिंदे घाटाचं देऊळ आहे ना, ते पाण्यावरून अगदी सरळ दिसतं हो. मी उगीच इतकी वर्षं त्याला टेढं म्हणत होते.’

मी विचारलं, तेव्हा नावेतली माणसं कुठे होती?

‘घाटाच्या बाजूला. सगळीच उठून तिकडे आली. दिवे तिकडेच होते ना,’ माई म्हणाल्या.

देऊळ घाटाकडे जेवढं कललेलं आहे, तेवढीच नाव कलली होती, म्हणून ते सरळ दिसलं. मी लालजींकडे पाहिलं. त्यांनी हात लांब करून हवेत मूठ धरली होती आणि मग ते पायरीवर खालीच बसले. बापूंना जरा उशिराने उलगडलं. त्यांनी नावेकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि आपली वरची पांढरी रेघ जिथे होती त्या जागेवर हात ठेवून उभे राहिले.

शास्त्रीबुवांनी विचारलं, काय झालं?

‘काही नाही दादा,’ बापू म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते थेट भावाशी बोलले होते. ‘वहिनी म्हणतात, देऊळ सरळ आहे.’

दुसऱ्या दिवशी स्टेशनला निघण्याआधी मी शिंदे घाटावर गेले, तर लालजी आणि बापू आधीच येऊन उभे होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आम्ही ती रेघ आणखी बोटभर खाली घेतली. बैठक झाली नाही, ओळंबा सोडला नाही, कुणी मूठ धरली नाही. लालजींनी कुंचला चालवला, मी पदर खोचून नाव धरली, आणि रंगाचा डबा बापूंच्या हातात होता.